आजोबांचे प्यादे

केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की आमचे आजोळ, तेरेखोल. सुट्टीत ओसरीवर आजोबांनी मला बुद्धिबळ शिकवले ते देशी पद्धतीचे. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर चालायचे. किल्लेकोट नाही, राजाला एकदाच घोड्याची चाल.

बेळगावच्या पहिल्याच शालेय स्पर्धेत समोरच्या मुलाने राजापुढचे प्यादे दोन घरे टाकून पटाचा मध्य अडवला. मी पंचांना हाक मारली, सगळे हसले. पुढच्या सुट्टीत आजोबांवरच रागावलो. ते म्हणाले, "मग आता तू शिकव मला." सत्तरीत ते नवे नियम शिकले, हात मात्र सवयीने पहिल्याच घरावर थांबायचा.

२०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात हडफडे येथे विश्वचषक झाला. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत हरला. उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या सिंदारोवने चषक जिंकला. तेव्हापासून माझी लेक तिच्या अज्जीला 'चदुरंग' शिकवते आहे. आमचा हत्ती तिथे आने, घोडा कुदुरे, वजीर मंत्री. अज्जी चुकली की लेक वैतागते. मग मी तिला ओसरीवरचा आजोबांचा तो थांबलेला हात सांगतो. ती गप्प होते आणि अज्जीची खेळी होईपर्यंत वाट पाहते.