अंगणवाडीच्या फोटोत बाप कुठंय?

१२ जानेवारी आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांत नऊवारी दिसायला लागते. सिंदखेडराजा आपलंच, त्यामुळे चार वर्षांची जिजाऊ आणि काजळाने मिशी काढलेला शिवबा गावोगावी असतोच. दुपारपर्यंत फोनवर बातम्या येतात. मजकूर ठरलेला: 'मोठ्या उत्साहात', 'पालक बहुसंख्येने उपस्थित'. इतकी वर्षं या बातम्या हातून जाताहेत की आता फोटो आला की मी आधी पालक मोजतो. सरपंच असतात, सेविका-मदतनीस असतात, दोन-तीन आज्या, चार-पाच आया. बाप एखादा, तोही गेटजवळ गाडीवर बसलेला.

मग कुणीतरी म्हणतंच, पालकांना लेकरांची पडलेलीच नाही. मला हे पटत नाही मंडळी.

कार्यक्रम असतो सकाळी अकराला. जानेवारीत अकरा वाजता आपल्याकडची बाई कुठं असते? तुरीच्या सोंगणीला, नाहीतर कापसाच्या शेवटच्या वेचणीला. चिखली तालुक्यात एका आईला विचारलं, तर म्हणाली, "भाऊ, लेकीले लुगडं नेसवून देलं सकाळीच. थांबली असती तं रोज पडला असता ना." नेसवलं तिनं, पाहिलं दुसऱ्यांनी. ती वावरातून आली तोवर लेक लुगडं सोडून झोपली होती.

कागदावर मात्र पालक सगळीकडे आहेत. २०१८ ला पोषण अभियान आलं. त्यात अंगणवाडीने महिन्यातून दोनदा गावाला घेऊन कार्यक्रम करायचा, एका कार्यक्रमाला २५० रुपये. बाळाचं अन्नप्राशन, मूल अंगणवाडीत यायच्या वयाचं झालं त्याचा सोहळा, असे विषय ठरवून दिलेत. त्यातलाच एक सुपोषण दिवस, आणि त्यात मुख्यतः नवऱ्यांना समजावून सांगायचं! तो घेतात नवरे कामावर असताना.

पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठीचं 'पहिले पाऊल' अभियान मला जास्त आवडतं. २०२२ पासून चालू आहे. मेळाव्यात मूल एकेका टेबलावर जातं, उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं. नाचगाण्याच्या कार्यक्रमात आई टाळ्या वाजवते. इथं आपलं पोरगं कुठं अडतं ते तिला दिसतं, घरी काय करून घ्यायचं तेही सांगतात. पण पुढे गट बनतात ते मातांचे. बापाला इथंही सुट्टी.

मोताळ्याकडच्या एका गावात सेविकेनं कार्यक्रम संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर घेतला. बाप आले. काही तर पोराला खांद्यावर घेऊन उभे होते. मात्र सगळं आवरून ताईला घरी जायला साडेनऊ झाले. मानधनासाठी याच बायांनी ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासावर दिवस संप केला होता, हे विसरून 'रात्री घ्या ना कार्यक्रम' म्हणणं सोपं आहे.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिथं दोन गोष्टी विचारा: अंगणवाडीचा कार्यक्रम किती वाजता ठेवायचा, आणि ताईच्या जास्तीच्या दोन तासांचे पैसे पंचायत देणार का?