गव्हाच्या कोठीतली अढी

दसरा उलटला की धारच्या त्या घरात मांडूची सीताफळं येत. 35 किलोमीटरवरच्या गडउतारांवरून भिल्ल बायका टोपल्या भरून आणत. आजी एकेक फळ उजेडाकडे धरून फिरवी. खवल्यांमधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या झाल्या असल्या की म्हणे, ‘याचे डोळे उघडले.’ तेवढीच फळं गव्हाच्या कोठीत जात. डोळे मिटलेलं फळ कितीही दिवस ठेवलं तरी काळं पडतं, पिकत नाही. नातीला हे सातव्या वर्षीच उमगलं होतं.

लग्नानंतर ती वेंगुर्ल्याला गेली. परसात मामफळ होतं, सीताफळाचंच भाऊबंद. दोघांचंही मूळ अमेरिकेच्या उष्ण मुलखातलं. पण याला डोळेच नाहीत! अंगभर मऊ, वाकडे काटे आणि थेट खोडाला लटकलेलं दोन किलोंचं धूड. सासूबाईंनी तिचं बोट धरून सालीवर फिरवलं. फळ भरत आलं की काटे एकमेकांपासून लांब सरकतात, गडद हिरवा रंग फिका पडतो. तेव्हाच, टणक असताना, झेल्यानं उतरवायचं. झाडावर पिकू दिलं तर वटवाघळांचं, नाहीतर जमिनीवर पडून चिखल. घरात चार-पाच दिवसांत बोट रुतेल इतकं मऊ होतं. आत कापसासारखा धागेदार, आंबटगोड गर.

पुढे बिऱ्हाड देवासला आलं तेव्हा पदराच्या गाठीत मामफळाच्या बिया होत्या.

महिन्याभरात रोपं वर आली, पावसाळाभर तरारली. डिसेंबरात माळव्याचा पारा 10 अंशांखाली गेला आणि पानं कडेनं करपली. दुसऱ्या वर्षी तिनं गोणपाटाचा आडोसा केला, तिसऱ्या वर्षी रोपं कुंडीत घेऊन रात्री ओसरीत ठेवली. एकही जगलं नाही. सदाहरित झाड ते, पानं झाडून झोपी जाणं त्याला ठाऊकच नाही. सीताफळ मात्र थंडीत उघडंबोडकं होतं आणि उन्हाळ्यात पुन्हा फुटतं. त्याच खड्ड्यात तिनं सीताफळ लावलं.

कॅन्सरवर म्हणून मामफळाची पानं मागायला अजूनही कुणी येतं. ती समोर बसवून समजावते, डॉक्टरांचे उपचार सोडू नका. ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, औषधाला दाद न देणारा आजार जास्त आढळल्याचं 1999 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आलं होतं.

सीताफळाचं फूल आधी मादी असतं, मग नर होतं. एका फुलात दोन्हींची गाठ क्वचितच पडते, आणि हे काम करणारे इवलेसे भुंगेरे दरवर्षी पुरेसे येतातच असं नाही. म्हणून जूनच्या सकाळी ती पूर्ण उमललेल्या फुलातला पराग बारीक कुंचल्यानं अर्ध्या उघडलेल्या फुलांत सोडते. आठवडाभरानं देठाशी हिरवा मणी दिसला की त्या फांदीला सुताचा धागा बांधते.

गेल्या ऑक्टोबरात एकवीस धाग्यांना चौदा फळं लागली. नऊंचे डोळे उघडले होते. ती तिनं गव्हात पुरली. नातू रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून चाचपून बघे.


चौथ्या दिवशी त्याचं बोट रुतलं.