पानापानाचा हिशेब

ऑफिसच्या प्रिंटरवर घरचं काम शेवटचं कधी काढलंत? खरं सांगा हं! गावच्या गाडीचं तिकीट, भाचीच्या प्रोजेक्टसाठी ताजमहालाचा रंगीत फोटो, भाडेकराराचा मसुदा, झालंच तर आत्याच्या सोसायटीची नोटीस... संध्याकाळी फ्लोअरवर जरा शुकशुकाट झाला की कंट्रोल-पी दाबायचं आणि पान बाहेर पडायच्या आत मशीनपाशी पोचायचं. सगळेच करतात. एचआरवालेसुद्धा!

मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा मित्रमंडळी विचारायची, काय मिस करतेस? पगार? एसी? कॅन्टीनचा चहा? माझं प्रामाणिक उत्तर होतं, प्रिंटर. कारण 'पेपरलेस' हा शब्द फक्त ऑफिसात बसून म्हणायला सोपा असतो. बाहेर पडलं की कळतं, मानधनाचं बिल सहीनिशी कागदावरच लागतं, करारनामा प्रत्येक पानावर सही करून कुरियर करावा लागतो आणि बँकेतली बाई मोबाइलवरच्या पीडीएफकडे बघतसुद्धा नाही.

मग उरतं कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान. आमच्या डोंबिवलीत तर दर पन्नास पावलांवर एक. भिंतीवर एक नंबर चिकटवलेला असतो, "यावर व्हॉट्सअॅप करा." आपण निमूट करतो. आपलं पॅन, आधार, सॅलरी स्लिप, सगळं त्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये जाऊन बसतं, आधीच्या शंभर जणांच्या शेजारी. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या बंगळुरूच्या कार्यालयाने सावधगिरीचं एक पत्रक काढलं होतं. आधारची कॉपी कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' वापरा. गैरसमज होतोय म्हणून दोन दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पण मास्क्ड आधारची सोय आहे ती आहेच, आणि मुद्दाही काही चुकीचा नव्हता.

तरी मी चालढकल करत होते. घरात जागा कुठे, इंक किती महाग, वगैरे वगैरे. मग या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली.

हॉस्पिटल पॉलिसीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे कॅशलेस नाही. आधी पैसे भरा, मग क्लेम करा. डिस्चार्जपासून तीस दिवसांची मुदत. क्लेम फॉर्मचा भाग अ आपण भरायचा, भाग ब हॉस्पिटलने. सोबत डिस्चार्ज समरी, बिलाचा तपशील, पावत्या, स्टेंटचं स्टिकर, औषधांची बिलं, सगळे रिपोर्ट, रद्द केलेला चेक. ओरिजिनल सगळं कंपनीकडे जाणार, म्हणजे आपल्यापाशी एक-एक कॉपी हवीच. त्यात मेडिकलवाल्यांची बिलं त्या गुळगुळीत थर्मल कागदावर. त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो. म्हणूनच उन्हात, पाकिटात ठेवलेली बिलं काही महिन्यांत कोरी होतात. सव्वीसाव्या दिवशी मी सगळा गठ्ठा उचलून दुकानात निघाले, तर बाबा दारातच उभे.

"माझ्या हृदयाचे फोटो त्या पोराच्या कॉम्प्युटरवर जायला नकोत."

बाबा तेहतीस वर्षं एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते. कार्बन लावून एका दमात चार प्रती काढणारा माणूस. गोपनीय कागद म्हणजे गोपनीय! त्यांच्यासमोर वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच दुपारी मी प्रिंटर आणला.

दुकानात गेलात तर पहिल्यांदा हा फंडा लक्षात ठेवा, प्रिंटरची किंमत खोक्यावर नसते, ती शाईत असते. सगळ्यात स्वस्त मॉडेल बहुधा कार्ट्रिजवालं असतं. छोटं कार्ट्रिज शे-दोनशे पानांत संपतं आणि दोन-तीनदा बदललं की प्रिंटरची किंमत वसूल. तुमची नव्हे, कंपनीची! टाकीत बाटलीने शाई ओतायचे प्रिंटर सुरुवातीला महाग पडतात, पण काळ्या शाईची एक बाटली कंपनीच्या हिशेबाने चार हजारांहून जास्त पानं चालते. गंमत म्हणजे एपसनने असा पहिला प्रिंटर २०१० मध्ये आणला तो जपानात किंवा अमेरिकेत नव्हे, इंडोनेशियात. तिथे लोक कार्ट्रिजला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून जुगाड करतच होते. कंपनीने तोच जुगाड वॉरंटीसकट विकायला काढला.

आणि तिसरा पर्याय लेझरचा. त्यात शाई नाही, टोनरची पूड असते, त्यामुळे वाळायची भीती नाही. महिनोन् महिने प्रिंट काढत नसाल आणि काळं-पांढरं पुरत असेल तर तोच घ्या. मला स्कॅन, कॉपी आणि रंगीत ग्राफ हवे होते, म्हणून मी टाकीवाला ऑल-इन-वन घेतला.

घरी आल्यावर खोकं उघडलं. पहिलं काम, रंगीत चिकटपट्ट्या काढणं. बाहेरच्या दिसतात, आतल्या दिसत नाहीत. झाकण उघडून आत बॅटरी मारून बघायचं. त्यानंतर शाई. बाटली उलटी धरली की आपोआप उतरते, दाबायची गरज नाही. बाबा खुर्ची ओढून बसले होते. "आमच्याकडे रिबन असायची, अर्धी काळी, अर्धी लाल. हे चार-चार रंग कशाला?"

मग त्यांना या शाईची गोष्ट सांगितली. कॅननचे इंजिनिअर इचिरो एंडो १९७७ मध्ये प्रयोग करत होते. तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाईचा थेंब फुर्रकन उडाला. उष्णतेने बुडबुडा होतो, बुडबुडा थेंब ढकलतो. झाला बबल जेट! बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे चुकीमुळेसुद्धा छापता येतं."

टाक्या भरल्यावर प्रिंटर दहाएक मिनिटं घरघरतो. शाई नळ्यांतून हेडपर्यंत जात असते. टाकीतली पातळी धप्पकन खाली येते, पण गळती वगैरे काही नसते. पहिल्या बाटल्यांची पानं नंतरच्यांपेक्षा कमी भरतात ती यामुळेच. या वेळात बटण बंद करायचं नाही. लाइट गेले तर? डोंबिवलीत हा प्रश्न काल्पनिक नाही. पण त्या दिवशी महावितरणने साथ दिली.

आता कॉम्प्युटर. खोक्यात ड्रायव्हरची सीडी आली, आमच्या कॉम्प्युटरला सीडीची खाचच नाही. तुमच्याकडेही नसेल. सरळ कंपनीच्या साइटवर जाऊन मॉडेल नंबर टाकायचा आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. यूएसबीची केबल आधीच खुपसायची नाही. स्क्रीनवर 'आता जोडा' असं येईल तेव्हाच जोडायची. नाहीतर विंडोज स्वतःच्या पोतडीतून कुठला तरी ड्रायव्हर काढतं, प्रिंट निघते पण स्कॅनर हात वर करतो.

सगळं जोडलं, फॉर्म उघडला, प्रिंट दिली. प्रिंटर ढिम्म! स्क्रीन म्हणते झालं, इथे पानाचा पत्ता नाही. विंडोज शेवटी वापरलेल्या प्रिंटरलाच डिफॉल्ट समजतं आणि आमचा 'शेवटचा प्रिंटर' म्हणजे पीडीएफ करणारा तो अदृश्य प्रिंटर. सेटिंगमध्ये जाऊन 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू दे' ही खूण काढली आणि आपला प्रिंटर स्वतः निवडला. तिथेच कागदाचा आकारही बघून घ्या. अनेकदा तिथे अमेरिकन 'लेटर' असतं, २७९ मिलिमीटर लांब. आपला ए-फोर २९७. खालची ओळ उडते ती इथे, आणि क्लेमच्या फॉर्मवर खालच्याच ओळीत सही असते!

निम्मे रिपोर्ट आईच्या फोनमध्ये होते. फोनला प्रिंटर दिसेना. घरगुती प्रिंटर बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात आणि फोन जाऊन बसतो ५ गिगाहर्ट्झवर. राउटरवर दोन्हींना वेगळी नावं दिली, फोन २.४ वर आणला आणि प्रिंटर हजर. (राउटरच्या नावातला '५जी' म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे बरं का.)

या टप्प्यावर प्रिंटर खिडकीतून फेकावासा वाटला तर स्वतःला दोष देऊ नका. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमधल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात 'कागद अडकलाय' असा निरोप पाठवण्याची सोय करायची होती, पण त्यांना प्रोग्रामचा सोर्स कोड कुणी देईना. तो राग त्यांनी विसरला नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. प्रिंटरवरच्या रागातून एवढं होऊ शकतं, मग आपल्या दोन-चार शिव्यांचं काय!

रात्री साडेआठला पहिलं पान बाहेर आलं. मी काचेवर बिलं ठेवत होते, बाबा ट्रेपाशी उभे राहून पानं उचलत होते, टेबलावर आपटून कडा जुळवत होते, कोपऱ्यात पेन्सिलने आकडे टाकत होते. ऑफिसात करायचे तस्सं. महिनाभरात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी करताना बघत होते. नाहीतर हॉस्पिटलमधून आल्यापासून ते गप्प होते. लॉकरची किल्ली कुठे, एफडीच्या पावत्या कुठल्या फायलीत, हे आईला दोनदा दाखवून झालं होतं. आम्हाला वाटलं, निवृत्त माणसाची शिस्त.

एकतिसावं पान त्यांनी खाली ठेवलं नाही. टू-डी इकोचा रिपोर्ट होता.

"हे पंचेचाळीस," ते म्हणाले.

"काय पंचेचाळीस?"

"टक्के. हॉस्पिटलात फाइल उशाशी होती तेव्हाच वाचलं मी. निम्म्यापेक्षा कमी चालतंय ना गं ते? पस्तीसला पास म्हणतात, तेवढंच समाधान."

म्हणजे सव्वीस दिवस हा माणूस तो आकडा मनात घेऊन फिरत होता. ना डॉक्टरांना विचारलं, ना आम्हाला. आई ओट्यापाशी होती, तिने गॅस बंद केला.

मी त्यांना शेजारी बसवलं. बाबा, ती ईएफ आहे, इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाच्या डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरतं, त्यातलं किती टक्के एका ठोक्याला बाहेर पडतं, त्याचा तो आकडा. शंभर कुणाचंच नसतं. माझंही नाही, त्या डॉक्टरांचंही नाही. निरोगी माणसाचं साधारण पन्नास ते सत्तरच्या मध्ये असतं. तुमचं थोडं कमी आहे, निम्मं गेलेलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनीही तेच सांगितलं. औषधं नियमित घ्या, चालायला लागा, तीन महिन्यांनी पुन्हा इको करू.

पण त्या रात्री बाबा बराच वेळ पानाकडे बघत बसले. मग चष्मा काढून पुसला. "मग टायपिस्टने खाली एक ओळ टाकायला काय झालं होतं? 'शंभरपैकी नाही' म्हणून. माणूस वाचतो ना!"

आई हसली की रडली, मला ओट्याकडे पाठ असल्यामुळे कळलं नाही. जेवायला पावणेअकरा झाले.

हाच कागद दुकानात काढला असता, तर पानं पालथी पडली असती, मी सत्तर रुपये दिले असते आणि गठ्ठा थेट पाकिटात गेला असता. मोबाइलवर तर तो रिपोर्ट तीन आठवडे होताच. आम्ही सगळ्यांनी तो एकमेकांना फॉरवर्ड केला होता, आणि बाबांशी त्यावर कुणी बोललं नव्हतं. पानाचं बरं असतं, ते हातात धरून थांबता येतं. शेजारच्याला दाखवता येतं.

क्लेम थोडी कात्री लागून मंजूर झाला. प्रिंटर अजून तरी ऑफलाइन गेलेला नाही. टाकीच्या प्रिंटरला एक पथ्य मात्र पाळावं लागतं, आठवड्याला निदान एक तरी रंगीत पान काढायचं, नाहीतर हेडमध्ये शाई वाळते. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. दर रविवारी सकाळी, फिरून आल्यावर, ते आठवड्याचा बीपीचा तक्ता छापतात. सकाळचे आकडे निळे, संध्याकाळचे लाल. शाई वाळत नाही आणि फिरणंही चुकत नाही.

तीन महिन्यांनंतरचा इको झाला. आकडा आला ५२. त्याची प्रिंट बाबांनी दोनदा काढली. एक फाइलला आणि एक, त्यांच्याच शब्दांत, ऑफिस कॉपी.