काटेपूर्णेचें पाणी व कांठचें गवत

जठारपेठेंत नळानें जें पाणी येतें, तें महानच्या काटेपूर्णा धरणाचें. याच जलाशयाभोंवतीं १९८८ सालीं अभयारण्य झालें. चौशिंगा, भेकर आणि आपल्या वऱ्हाडांत ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय, यांची तहान तेथेंच भागते.

उन्हाळ्यांत नाले आटले म्हणजे सारें रान पाण्याकडे वळतें. आणि जनावर पाण्यावर येतें तें पोटही बरोबर घेऊन येतें! खुरांनीं जमीन घट्ट होते, गोड गवत मुळापर्यंत खुडलें जातें, व ज्याला जनावर तोंड लावीत नाहीं तो तरोटाच माजतो. दूर जावें तसतसें गवत पुन्हां दाटतें. ऑस्ट्रेलियांतील लँग या शास्त्रज्ञानें १९६९ सालीं मेंढ्यांच्या पाणवठ्याभोंवतींच्या अशाच वलयांस शास्त्रीय नांव दिलें.

पाणपोई घालणें हें पुण्यच. पण रानांत तें जपूनच करावें. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर उद्यानांत कृत्रिम पाणवठ्यांवर झेब्रे जमले, त्यांच्यामागें सिंह आले, आणि उंच गवतांत राहणारीं रोन हरणें झपाट्यानें घटलीं. शेवटीं पुष्कळ पाणवठे बंद करावे लागले.

आपल्या चौशिंग्याचेंही तसेंच आहे. त्याला वरचेवर पाणी लागतें, म्हणून तो कांठ सोडून फार लांब जात नाहीं. आणि लपावयास त्याला उंच गवतावांचून दुसरा आसरा थोडाच!