कुजण्याचा गुण

'कुजणे' या शब्दाला आमच्या भाषेत कधी मान मिळाला नाही. मनाला लागेल असे जो बोलतो, तो 'कुजकट बोलतो' असे आपण म्हणतो. परंतु यंदा इंदूरच्या आमच्या शाळेतील विज्ञानमंडळात सोयाबीनच्या प्रथिनाचा पापुद्रा तयार करीत असता या शब्दाविषयी आमचे मत पार पालटले.

माळव्यात सोयाबीनला तोटा नाही. तेल काढून उरलेल्या पेंडीत प्रथिन भरपूर असते. ते सौम्य क्षारजलात उतरवून, गाळून, आम्लाने साकळविले; मग पुन्हा क्षारजलात ग्लिसरीनसह तापवून काचेवर पातळ पसरले. वाळल्यावर पिवळसर पापुद्रा सुटून आला. ग्लिसरीन घातले नाही तर तो पापडासारखा मोडतो.

हा पापुद्रा ओल्या मातीत पुरला म्हणजे खरी मौज सुरू होते. प्रथम तो पाणी पिऊन फुगतो. प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. सूक्ष्म जंतूला ती सबंध आत घेता येत नाही. म्हणून बॅसिलस वंशाचे जंतू आणि ॲस्परजिलससारख्या बुरशा प्रोटिएज नावाची विकरे (पाचकरसच म्हणा ना!) बाहेर सोडतात. ती पाण्याच्या साहाय्याने माळेचे जोड तोडतात, आणि सुटे मणी जंतूंच्या पेशीत शिरतात. काहींपासून जंतूंचे नवे शरीर घडते, काहींचा कार्बन डाय-ऑक्साइड होतो, आणि नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने मातीत येतो. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते झाडाची मुळे शोषून घेतात. पॉलिथीनच्या रेणूत असे सहज तुटणारे जोडच नाहीत. गव्हाच्या ग्लुटेनचे पदार्थ मात्र शेतजमिनीत ५० दिवसांच्या आत पूर्णपणे नाहीसे झाल्याचे फ्रान्समधील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केले.

अडचणही तेथेच आहे. ज्या पाण्याने पापुद्रा जमिनीत फुगतो, त्याच पाण्याने तो दुकानातही लिबलिबीत होतो. माळा रसायनाने एकमेकींस घट्ट बांधल्या, तर तो टिकतो. पण मग विकरांना वाट मिळत नाही व कुजणे मंदावते. कोरड्या हवेत हा पापुद्रा प्राणवायूला चांगला अडवितो. तेव्हा आमच्या मते मसाल्याच्या पुडीला तो शोभेल. ओल्या पालेभाजीस तूर्त कापडी पिशवीच बरी.

आणि पेंड हे तर गुराढोरांचे खाद्य! तिचे वेष्टण करून ते मातीत घालावे काय, यावर आमच्या मंडळात अद्याप एकमत झालेले नाही.