काउलिंगचा खालचा ओठ

घरी बांधलेल्या विमानाविषयी विचारणारे बहुतेक लोक पंखांविषयी विचारतात. माझा मात्र गेल्या हिवाळ्यातला फुरसतीचा सारा काळ, ऑरेगनमधल्या एका थंडगार हँगरात, एंजिनावरच्या काउलिंगच्या खालच्या कडेपायी खर्ची पडला. 1928 साली लँग्लेच्या प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारकाकृती एंजिनाभोवती आवरण बसवून कर्टिस हॉक विमानाचा वेग ताशी 118 मैलांवरून 137 मैलांवर नेला, तेव्हाच या आवरणाची गणना शोभेच्या वस्तूंत करण्याची सोय उरली नाही.

माझ्या लायकमिंग एंजिनाचे चार सिलिंडर आडवे असून, पुढच्या दोन तोंडांतून शिरलेली हवा त्यांच्यावरच्या पोकळीत दाब धरते, बॅफलच्या पत्र्यांनी व रबरी पट्ट्यांनी अडविल्यामुळे सिलिंडरांच्या पात्यांमधून खाली उतरते आणि तळाच्या फटीतून बाहेर पडते. सिलिंडरच्या डोक्याचे तापमान 500 अंश फॅरनहाइटच्या मर्यादेकडे सरकू लागले की नवखा मनुष्य पुढची तोंडे रुंदावण्याच्या मागे लागतो. परंतु धुराडे तुंबलेल्या चुलीला कितीही फुंकर घातली तरी जे होते तेच येथे होते. वरचा आणि खालचा दाब यांतील अंतर वाढविणे हेच खरे काम, आणि त्याची किल्ली निर्गमाच्या ओठाशी असते.

तो ओठ मी कापला, फोमचे ठोकळे चिकटवून त्यांना पॉलिश पेपरने आकार दिला, आणि त्यावर काचेचे कापड, धागे पंचेचाळीस अंशांत तिरपे राहतील अशा बेताने, इपॉक्सीत भिजवून थरावर थर बसविले. पॉलिस्टर रेझिन स्वस्त खरे, पण ते पॉलिस्टायरीनचा फोम विरघळवून टाकते. म्हणून तेथे काटकसरीला मुभा नाही. रेझिन वजन करूनच घ्यावे, कारण कापड तृप्त झाल्यावर उरलेला प्रत्येक थेंब बळ न देता केवळ भार देतो. शेवटच्या थरावर पील प्लायचे कापड दाबून ठेवले की ते सोलल्यावर खरखरीत, पुढचा थर धरणारा पृष्ठभाग हाती येतो. जुन्या-नव्याच्या सांध्याला दूरवर निमुळता उतार दिल्यावाचून लांबी भरून गुळगुळीत करणे म्हणजे, माझ्या मते, निव्वळ मखलाशी. घासकामाच्या धुळीची खाज मनगटांना रात्रीही सोडीत नाही. त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

साध्या तापमानात घट्ट झालेले इपॉक्सी उष्णतेने पुन्हा मऊ पडते, आणि एक्झॉस्टच्या नळ्या तर त्याच ओठाच्या शेजारून जातात. म्हणून आतल्या बाजूला परावर्तक पत्र्याचे अस्तर देण्याची तजवीज केली, आणि फेरफाराचा तपशील विमानाच्या दप्तरात नोंदविला.

फट रुंद केली की चढताना एंजिन सुखी होते, पण सपाट उड्डाणात तीच रुंदी वेगाला अडसर ठरते. हा हिशेब पाण्याच्या दाबमापकावर प्रत्यक्ष पाहूनच जुळवावा लागतो. आता तीन सिलिंडर 400 अंशांच्या आत राहतात. मागचा डावा मात्र अद्याप वर चढतो. त्याचे कारण काउलिंगमध्ये नसून बॅफलची रबरी पट्टी तेथे उलटी दुमडत असावी, अशा अनुमानाने ती बदलण्याचे काम हाती घेतले आहे.