पांजूला गाडी थांबायची

भाईंदर, शनिवार रात्री

ती. अण्णा,
सा. न.

पोचलो. मिरजेहून दादरपर्यंत महालक्ष्मीत झोप लागली, पुढे चूक केली. समोर आली ती विरार लोकल पकडली. दारातल्या गृहस्थांनी कुठे उतरणार ते विचारलं. भाईंदर म्हटल्यावर म्हणाले, "मग ही कशाला घेतलीत? ही विरारवाल्यांची गाडी!" उतरेपर्यंत मी अपराध्यासारखा उभा.

तुम्ही स्टेशनची जुनी दगडी इमारत बघून यायला सांगितलं होतंत. मला तरी दिसली नाही. पत्रे, जिने, पूल आणि माणसं, बस्स. ताईचे सासरे म्हणाले, जुनं बघायचं तर खाडीवर जा.

भाईंदर, सोमवार

ती. अण्णा,

काल नायगावला उतरून होडीच्या धक्क्यावर गेलो. मुंबईची ही लाइन सुरतेकडून खाली आली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली. वाटेत आडवी आली वसईची खाडी. बीबीसीआय रेल्वेच्या इंजिनिअरांनी लोखंडी खांबांना खाली स्क्रूसारखं पातं लावलं आणि ते चिखलात पिळून उतरवले. मधे पांजू बेट, म्हणून पूल एक नाही, दोन.

आता गंमत ऐका. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईत बॅकबेला पहिली लोकल सुटली, दिवसाला एकच. तिच्या थांब्यांत वसईनंतर पांजे, म्हणजे हेच पांजू, आहे आणि मग एकदम बोरिवली! भाईंदरचं नावच नाही. आज भाईंदरला फलाटावर पाय ठेवायला जागा नाही आणि पांजूची माणसं होडीनं नायगावला येऊन गाडी धरतात. होडीत बसलेल्या एका मावशींना हे सांगितलं. मांडीवरची कोथिंबिरीची पिशवी सावरत त्या म्हणाल्या, "मग बंद कशाला केली?" मी काय सांगणार! तेवढ्यात पुलावरून गाडी धडधडत गेली. मी मान वर केली, होडीत दुसऱ्या कोणीच केली नाही.

मिठागरं मीरा रोड सोडल्यावर गाडीतूनच दिसतात. वाफ्यांत भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, पांढरे ढीग लावायचे. इथलं मीठ रेल्वेनं बाहेर जायचं म्हणतात. तुम्ही मालधक्क्यावर होतात तेव्हा मिठाच्या वाघिणीला शिव्या द्यायचात ना? तळ खाल्लेला, बिजागऱ्या अडकलेल्या, आणि हाताच्या चिरांत आग. त्याची आठवण झाली. पुढचं थोडक्यात: विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ मध्ये आली. २००२ मध्ये मीरा-भाईंदरची महापालिका झाली. बाकी सगळं बिल्डरांचं, त्यात तुम्हाला रस नाही.

बुधवारी निघतो. आईसाठी खडेमीठ घेतलंय. भाईंदरचंच का, असं दुकानदाराला विचारलं, तर त्यानं पोत्यावरचं लेबल वाचायला घेतलं. ते भिजून पुसलं होतं.

तुमचा,
बाळ्या